बद्रीनानाचा शंख, सगुणाबाईचा बेडका

केदारखेड्यात सप्त्याच्या शेवटच्या दिवशी पंगत बसते ती शंखावर. पत्रावळी मांडलेल्या, दीडशे माणसं मांडी घालून बसलेली, दहा वाढपी बुंदीच्या बादल्या घेऊन पळायच्या तयारीत उभे. शंख सुटला की वाढपी सुटतात. एका दमातला शंख संपायच्या आत शेवटच्या पत्रावळीवर बुंदी पडली पाहिजे. शंख थांबला की वाढणं बंद आणि पहिला घास तोंडात. असं का, हे कुणाला माहीत नाही. विचारणाऱ्याला पुढच्या वर्षी बादली धरायला लावतात, म्हणून कुणी विचारतही नाही.

हा शंख फुंकायचा मान बद्रीनाथच्या घरात चार पिढ्यांपासून. गावात त्याला बद्रीनाना म्हणतात. नानाचा बाप फुंकायचा तेव्हा वाढपी शेवटापर्यंत पोचून, घाम पुसून, वर एखाद्याला बुंदी दुबार वाढून यायचे, तरी शंख चालूच. नानाचं तसं नव्हतं. नाना रोज दीड बंडल बिडी ओढायचा. तीस वर्षं ओढत होता. दरवर्षी शंख दोन-चार पत्रावळी आखूड व्हायचा आणि वाढपी तेवढेच जास्त जोरात पळायचे, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

शहाण्णव साली ते लक्षात आलं. शंख निम्म्यातच तुटला आणि त्याच्यामागून नानाला खोकला सुटला. पुढच्यांनी घास घेतला. वाढपी जागच्या जागी थांबले, कारण रिवाज तो रिवाज. मागच्या साठ माणसांच्या पत्रावळीवर एक कळी पडली नाही, आणि त्या साठांत आष्टीहून आलेला सरपंचाचा व्याही होता. व्याही उठला, चपला घातल्या आणि गेला. चपलाही त्याच्या नव्हत्या, त्यामुळं दुसऱ्या दिवशी गावातला एक माणूस चपलेसाठी आष्टीला गेला आणि तिथं त्याला सगळं ऐकून घ्यावं लागलं.

मंग पंच बसले. नानाचा चुलतभाऊ तातेराव म्हणाला की हे काही भांडणाचं काम नाही, कायद्यानं घ्या. पुढच्या साली ज्याच्याजवळ छातीच्या डॉक्टरचा कागद असेल, त्यानंच शंख हातात घ्यावा. तातेराव बिडी ओढत नव्हता. तो गालात तंबाखू धरायचा, पण शंखाच्या कामात गाल लागत नाही, हे त्यानं पुरतं हेरलेलं होतं. ठराव झाला. नानानं खाली इतरांच्या अंगठ्यांशेजारी सही केली आणि घरी येऊन लागोपाठ तीन बिड्या ओढल्या.

देवघरात लाल फडक्यात शंख होता. तो फडकं सोडून तातेरावाच्या देवघरात जाऊन बसलेला नानाला दिवसाढवळ्या दिसायला लागला.

अशात कार्तिक महिन्यात जालन्याहून गजानन नावाचा माणूस एम-एटी गाडीवर बर्फाची पेटी बांधून आला. स्टेशन रोडला नीला मॅडम नावाच्या छातीच्या डॉक्टर होत्या, त्यांच्याकडं तो कामाला. मॅडमचा अभ्यास चालला होता. त्यांना जोडपी पाहिजे होती: नवरा बिडी ओढणारा, बायको न ओढणारी. दोघांचा बेडका वेगवेगळ्या बाटलीत घ्यायचा आणि त्यात कुठल्या पेशी किती आहेत ते मोजायचं. गजाननानं पारावर समजावून सांगितलं की एकाच घरातलं पाणी, एकाच घरातलं पीठ, फरक काय तो बिडीचा. म्हणून जोडपं. आणि जो बेडका देईल त्याला मॅडम छातीचा कागद फुकट देतील.

नानानं कागद एवढाच शब्द ऐकला.

नानाची बाटली भरायला काही कष्ट पडले नाहीत. सकाळी त्याच्या खोकल्यावरच शेजारचे लोक उठत होते. सगुणाबाईला मात्र बेडका येईना. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं बिडीचा कट्टा पुष्कळदा आणून दिला होता, पण तोंडाला लावली नव्हती. मंग गजाननानं तिला मशिनीतून मिठाच्या पाण्याची वाफ दिली. निम्म्यात लाईट गेली. पाऊण तास वाट पाहिली, लाईट आली, पुन्हा वाफ, तेव्हा कुठं बाटलीच्या बुडाला काहीतरी आलं. गजानन इतका दमला की दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवून हात धुवायला मोरीवर गेला.

नावाच्या चिठ्ठ्या बाटल्यांना नव्हत्या, झाकणांना होत्या. नानानं झाकणं बदलली. तीस वर्षांत त्यानं इतकं जल्दी काही केलं नव्हतं.

दहा दिवसांनी दोघांना जालन्याला बोलावणं आलं. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चौदा माणसांत बसून दोघं गेली. नीला मॅडम तरुण होत्या, आवाज हळू. त्यांनी आधी नानाच्या छातीला नळी लावली. नानानं दम धरून ठेवला. मॅडम म्हणाल्या श्वास घ्या, तर नाना म्हणाला घेतला, आता पुढचं तपासा. मॅडमनं कागद पाहिला, पुन्हा नानाकडं पाहिलं आणि म्हणाल्या की छातीत आवाज येतोय, पण पेशी तर बऱ्यापैकी ठीक दिसतात. दिवसाला किती ओढता? नाना म्हणाला, एखादी. सणासुदीला. मॅडमनं कागदावर सही केली. नानानं कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला.

मंग मॅडम सगुणाबाईकडं वळल्या.

"बाई, खरं सांगा. रागावणार नाही मी. किती बिड्या ओढता?"

सगुणाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नाना भिंतीवरचं बियाणं कंपनीचं कॅलेंडर पाहत होता. त्याच्यावर कपाशीचं बोंड होतं आणि ते नाना असं पाहत होता की जणू आयुष्यात कपाशी पाहिली नाही. सगुणाबाईला सगळं बराबर समजलं. तिनं पदर नीट केला.

"दीड बंडल," ती म्हणाली.

"रोज?"

"हाव. उठल्या उठल्या दोन. परसाकडं जाताना एक. जेवल्यावर तीन."

"लपून?"

"लपून कामून? ओट्यावर बसून."

मॅडमनं सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, सोडावीशी नाही वाटली कधी?

"मी रोज म्हणते सोडा म्हणून. ऐकतच न्हाई."

"कोण?"

"जीव," सगुणाबाई म्हणाली, आणि नानाला ठसका लागला.

मॅडमनं मंग त्यांना मायक्रोस्कोपमध्ये पाहायला लावलं. आधी सगुणाबाईनं पाहिलं, मग नानानं. काचेखाली गोल गोल मोठ्या पेशी होत्या आणि त्यांच्या पोटात काळं काळं भरलेलं होतं. करपलेल्या फोडणीतल्या मोहरीसारखं. मॅडम सांगत होत्या की ह्या मोठ्या पेशी झाडणाऱ्या. धूर आला की त्या काजळी गिळतात. गिळून गिळून भरल्या की हाळी देतात. हाळी ऐकून रक्तातून बारक्या पेशी धावत येतात, त्या लढणाऱ्या. त्यांच्याजवळ जंतू मारून विरघळवून टाकायचा रस असतो. पण काजळीत मारायला जंतू कुठं आहे? मग तो रस फुप्फुसालाच लागतो. नळ्या सुजतात, हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती विरघळतात, आणि दम लागतो.

नानाला हे लगेच पटलं, कारण त्यानं हे पाहिलेलं होतं. दोन वर्षांमागं तातेरावाच्या स्वयंपाकघरात धामण निघाली होती. तातेरावानं हाळी दिली. तीस माणसं काठ्या घेऊन आत घुसली. धामण पहिल्या मिनिटालाच मोरीतून निघून गेल्ती. पण तीस माणसांनी काठ्या आणल्या होत्या, त्या वापरायच्या होत्या. त्यांनी रांजण फोडला, उतरंड पाडली, कणगी उलटी केली आणि कपाटाचा आरसा फोडला, कारण आरशात कुणाला तरी काहीतरी हललेलं दिसलं. मंग सगळे तिथंच बसले आणि चहा मागितला.

"मंग मॅडम," नानानं खाकरत विचारलं, "बिडी सोडली की ह्या रस्त्याला लागतात ना?"

"लगेच नाही. धूर बंद झाला तरी पुष्कळ पेशी ठाण मांडून बसतात. कधी कधी वर्षानुवर्षं. पण सोडली तर पुढची पडझड कमी होते. तुम्ही यांना सोडायला लावा."

तेही बराबर होतं. तातेरावाच्या घरी लोक नंतर चार दिवस सकाळी येऊन विचारत होते, आज काही दिसलं का, आणि चहा पिऊन जात होते.

मॅडमनं सगुणाबाईला तोंडात मारायचा पंप दिला, वापरायचा कसा ते दोनदा दाखवलं, आणि नानाला बजावलं की यांच्यासमोर कुणी बिडी पेटवायची नाही, तुम्हीसुद्धा नाही, नुसत्या वासानं यांना तलफ येईल.

परतताना जीपमधून राजूरला निम्मी माणसं उतरली तेव्हा खिडकीबाहेर पाहत सगुणाबाईनं विचारलं, "झाकणं बदलली का?"

"हाव."

"बरं. मंग पंप मपला, माझ्याच हातात राहील."

नानाला वाटलं, एवढ्यावर निभावलं. निभावलं नव्हतं. महिन्याभरात गजानन चौकशीला आला, आणि त्यानं एम-एटी बरोबर पारासमोर थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की दीड बंडल बिडी ओढणाऱ्या सगुणाबाई कुठं राहतात. पारावर अठरा माणसं होती. चुलीवरचा भात शिजायच्या आत गावाला समजलं.

गाव चांगलं आहे. गाव हसलं नाही. गावानं जबाबदारी घेतली, ते नानाला जास्त महागात पडलं. टपरीवाला मच्छिंद्र म्हणाला की नाना, तुमी नेता आन वैनी ओढती, मला आता समजलं. आजपासून तुमच्या घरात माझ्या टपरीचं बंडल जाणार न्हाई. नाना म्हणाला इथंच ओढतो. तर बाकीच्यांनी सांगितलं की तुमच्या अंगाला वास लागंल आन घरी वैनीला तलफ येईल. ओढायची तर ओढा, पण आंघोळ करून जा. नानानं दोन दिवस तेही केलं. पौष महिन्यात नदीवर, दिवसातून चार-चारदा. तिसऱ्या दिवशी त्याला बिडीपेक्षा आंघोळीचा जास्त त्रास व्हायला लागला आणि बिडी बंद पडली. नानानं ती सोडली नाही, हे लक्षात घ्यावं. गावानं सगुणाबाईची सोडवली, त्यात नानाची सुटली.

बायका सगुणाबाईचं समाधान करायला येऊ लागल्या. चांगुणाबाई दुपारी आली, असतं एकेकाचं नशीब म्हणाली, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "कशी लागती गं?" सगुणाबाई म्हणाली, कडू. एवढं तिला माहीत होतं. तीस वर्षं ती तोच धूर पीत होती.

नाना कुठल्याही दिवशी पारावर उभं राहून खरं सांगू शकला असता. पण खरं सांगितलं की कागद गेला, आणि कागद गेला की शंख गेला. म्हणून तो गप्प राह्यला आणि बायकोची बदनामी रोज थोडी थोडी मोठी होताना पाहत राह्यला. कुणी म्हणालं चिलीम पण ओढत असंल. तातेरावानं तर नानाच्या लेकीच्या सासरी निरोप धाडून सांगितलं की सगुणाबाई तुमच्याकडं आली तर सांभाळून राहा. नाना त्या दिवशी जेवला नाही.

पंप पदराच्या गाठीत असायचा. सकाळी नाना दम लागून ओट्यावर बसला की सगुणाबाई समोर येऊन उभी राहायची.

"तोंड उघडा."

नाना तोंड उघडायचा. एक. थांबा. दोन. गाठ बांधून ती कामाला लागायची. गजानन येऊन मॅडमच्या वतीनं पंपाचा हिशोब विचारायचा, आणि सगुणाबाई म्हणायची की बिलकुल नेमानं चालू हाये.

बिडी बंद होऊन तीन महिने झाले तसा नाना शेताच्या वाटेवरच्या पहिल्या बाभळीला न थांबता पुढं जायला लागला. दुसऱ्या बाभळीला मात्र थांबावंच लागायचं. विहिरीवर कुणी नसताना त्यानं शंख फुंकून पाहिला. पंगतीला चाळीस आकडे मोजून होईपर्यंत शंख लागायचा, नानाचे पंचवीस झाले. धामण कधीच निघून गेल्ती, पण तीस माणसं काठ्या घेऊन अजून छातीत बसली होती.

सप्त्याला दहा दिवस राहिले आणि गजानन पुन्हा बाटल्या घेऊन आला. या वेळी सगुणाबाई बाटल्यांशेजारी पाट घेऊन बसली आणि बर्फाची पेटी बंद होईपर्यंत उठली नाही. नानानं पाणी मागितलं, तर ती म्हणाली माठ तिकडं हाये.

जालन्याला गेल्यावर नीला मॅडम उभ्या राहून बोलल्या, इतक्या त्या खूश होत्या. सगुणाबाईंची छाती तीन महिन्यांत जवळजवळ कोरी झाली होती. काळ्या पोटाच्या पेशी थोड्याच उरल्या, लढणाऱ्या गेल्या. असं कुठल्याच पुस्तकात नाही. मॅडमनी त्याच्यावर लिहायला घेतलं होतं आणि औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांसमोर वाचणार होत्या. मंग त्यांचा चेहरा पडला. बद्रीनाथरावांचं मात्र काही समजत नाही, त्या म्हणाल्या. तीन महिन्यांत एवढं बिघडायला तुम्ही केलं तरी काय?

सगुणाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. या वेळी कॅलेंडर ती पाहत होती.

नानानं आतल्या खिशातून कागद काढला. घडी करून करून तो चार ठिकाणी फाटला होता. त्यानं तो टेबलावर ठेवला.

"मॅडम, ते औरंगाबादला वाचू नका. झाकणं मी बदलली होती."

मॅडम खाली बसल्या. नानानं शंखापासून सगळं सांगितलं. त्या रागावतील म्हणून तो थांबला, पण त्या रागावल्या नाहीत. दोन्ही वेळचे आकडे समोर घेऊन पाहत बसल्या. मग त्यांनी विचारलं की तुमच्या घरी चूल आहे का. नाना म्हणाला, दहा वर्षं झाली, गोबरगॅस हाये.

"मग हे पहिल्या वेळचे बघा. आधी मला वाटलं हे तुमचे आकडे. ओढणाऱ्या माणसाच्या मानानं चांगले. पण हे यांचे आहेत. आणि न ओढणाऱ्या बाईच्या छातीत एवढ्या पेशी बसायला नकोत. तुमच्या चौथाई आहेत, पण आहेत." मॅडमनं पेन खाली ठेवलं. "चूल नाही, बिडी नाही. मग धूर कुणाचा?"

नाना बायकोकडं पाहत राह्यला. त्याला ओटा दिसला, त्याच्यावर बसलेला तो स्वतः दिसला, आणि त्याच्या पायाशी बसून बत्तीस वर्षं तांदूळ निवडणारी ती दिसली.

"मला काई होत न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "इथला जिना चढते की मी."

मॅडम म्हणाल्या की धूर बंद झालाय हे चांगलं झालं, आणि दर सहा महिन्यांनी दोघांनी यायचं. मंग नानाच्या नावावर वेगळा पंप लिहून दिला.

गावात उतरल्यावर नाना घरी गेला नाही. पारावर गेला आणि बसलेल्यांना उभ्यानंच सांगितलं की माझ्या बायकोनं आजवर बिडीला तोंड लावलेलं न्हाई. बेडका माझा होता. मंग घरातून लाल फडकं आणून पंचांसमोर ठेवलं.

आता पंच अडचणीत आले. ठरावात लिहिलं होतं की ज्याच्याजवळ छातीचा कागद त्याचा शंख. कागदावर नाव नानाचं, पण छाती सगुणाबाईची. एक पंच म्हणाला, मान कागदाच्या मालकाचा. दुसरा म्हणाला, बेडक्याच्या मालकाचा. तातेरावाकडं कागदच नव्हता, कारण नाना नापास होणार या भरवशावर त्यानं जालन्याचा हेलपाटा वाचवला होता. दुपार गेली. शेवटी सगुणाबाईला विचारायला माणूस पाठवला. तिनं निरोप दिला की मला बुंदी पाडायची हाये, शंख तातेराव भाऊजींना द्या. पण मांडवात आन मांडवाच्या आसपास कुणी बिडी पेटवली तर मी झारा घेऊन येईन.

झारा तिच्या हातात होताच, त्यामुळं ठराव एकमतानं झाला.

काल्याच्या दिवशी तातेरावानं शंख घेतला आणि गाल रिकामे करून फुंकला. आकडे पन्नासच्या वर गेले. वाढपी शेवटापर्यंत पोचले, रिवाजाप्रमाणं एकेका पत्रावळीवर बुंदी घालत. पण निम्मी माणसं बिडी ओढायला नाल्यापलीकडं गेली होती, आणि शंख ऐकून परत पळत येता येता दम लागून बांधावर बसली होती. दीडशे पत्रावळी भरलेल्या आणि सत्तर जागा रिकाम्या. शंख थांबला. रिवाज तो रिवाज, बाकीच्यांनी घास घेतला.

नाना पहिल्या पंगतीत बसला होता. शंख फुंकणारा नेहमी शेवटी जेवतो. त्याच्या वाट्याला आजवर बुंदीचा चुरा आणि खरवडलेलं वरण यायचं. एवढ्या वर्षांत त्यानं सप्त्याची बुंदी गरम असते हे पाहिलंच नव्हतं. त्यानं एक कळी तोंडात टाकली आणि थोडा वेळ तशीच धरली.

सगुणाबाई बादली घेऊन समोरून आली. रिवाज बाजूला ठेवून तिनं त्याला वाढलं, मग शेजारच्या दोन रिकाम्या जागांच्या पत्रावळींवरची बुंदी उचलून तीही त्याच्याच पत्रावळीवर टाकली.

"पंप घेतला का सकाळी?"

"घेतला."

"दोन?"

"दोन," नाना म्हणाला, आणि बांधावरून धापा टाकत येणाऱ्यांसाठी थोडं सरकून बसला.